झारीत न बसलेल्या शुक्राचार्यास

प्रिय शेजारीभाऊ,


आम्ही पुण्याहून परतलो त्या संध्याकाळी तुम्ही फाटकातच भेटलात. गच्चीची किल्ली हातावर ठेवत म्हणालात, "मोजून पाहा, एकबी कुंडी कमी नाई." खरं आहे. १४ कुंड्या ठेवून गेलो होतो, १४ मिळाल्या. झाडंही मोजून घ्यायची असं आधी ठरवायला हवं होतं, ही चूक माझी. त्यातली ९ गेली, ४ अंथरुणाला खिळली आहेत आणि एक ठणठणीत आहे. त्या एकाविषयी शेवटी लिहितो.

२५ मे उजाडला, सूर्य रोहिणीत गेला, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही नऊ दिवसांसाठी निघालो. निघताना मी म्हणालो होतो, "माती पाहून पाणी घाला." त्यातलं "पाणी घाला" एवढंच तुमच्या कानात शिरलं असावं. "काई टेन्शन घेऊ नका, झाडायले पान्याची कमी नाई पडू देनार," हे तुमचं वचन. रामानंतर वचन असं पाळलेलं मी पाहिलं नाही. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. डॉक्टर गोळ्या लिहून देतात तसं.

त्यातला दुपारचा डोस तुम्ही कनवाळूपणानं दिलात हे मला ठाऊक आहे. बारा वाजता जास्वंदीनं पानं खाली टाकलेली दिसली आणि तुमचा जीव कळवळला. पण भाऊ, वाशिमच्या ४२-४३ अंशांत पानांतून पाणी इतक्या झपाट्यानं उडतं, की माती ओली असली तरी मुळांना तेवढं पुरवता येत नाही. पानं मग माना टाकतात. ऊन कललं की आपसूक उभी राहतात. सकाळीही माना खालीच असतील आणि माती कोरडी असेल, तर मात्र तहान खरी. दुपारी जेवून तुम्ही खाटेवर आडवे होता, तेव्हा वहिनी तुमच्या अंगावर बादली ओततात का? तुमची ती वामकुक्षी, आणि जास्वंदीनं केली की आजारपण?

बरं, पाणी तरी कोणतं? सकाळपासून स्लॅबवर तापत पडलेल्या काळ्या पाइपातलं. त्यातल्या पहिल्या बादलीत वहिनींनी चहापत्ती टाकली असती तर रंग उतरला असता. तुम्ही ती मोगऱ्याच्या मुळाशी उतरवलीत. मोगऱ्याला ऊन हवंच असतं, तो बहरतोच उन्हाळ्यात. पण उकडून घ्यायची हौस त्याला नव्हती.

एका आरोपातून मात्र तुमची निर्दोष मुक्तता करतो. समोरच्या काकू म्हणतात, दुपारी पानांवर पडलेले थेंब भिंगासारखे ऊन गोळा करतात आणि पानं जाळतात. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली हे तपासून पाहिलं. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी असं काही होत नाही, असं त्यांना आढळलं. तेव्हा पानांचा खून तुमच्या नावावर नाही. तुम्ही थेट मुळावर उठलात.

सदाफुली उपटून पाहिली. उपटावी लागलीच नाही, दोन बोटांत धरली तशी वर आली. मुळं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी. ओढलं की साल हातात आणि आत नुसता दोरा. वास मोरीचा. मातीच्या कणांमध्ये हवा असते, मुळं तिच्यावर श्वास घेतात. ती सगळी जागा तुम्ही पाण्यानं भरलीत. मुळं गुदमरली, कुजली. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पान लोंबलं. पान लोंबलं म्हणून तुम्ही आणखी ओतलं. अति तिथं माती म्हणतात, इथं मातीचाही चिखल झाला. अडेनियमचं तर काय सांगू! ते कोरड्या मुलखातलं, बुंध्यात पाणी साठवून महिना काढणारं झाड. त्याच्या दारात तुम्ही पाणपोई उघडलीत. बुंधा दाबला तर पिकलेल्या केळ्यासारखं बोट आत गेलं.

वर युरिया! "हळदीले टाकतो आमी, ह्यायले काय होते?" युरियात ४६ टक्के नत्र असतं. एकरभर शेतात पसरायची वस्तू तुम्ही १२ इंची कुंडीत मुठीनं घातलीत. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं ना? तुम्ही माझ्या गुलाबाच्या मुळांचं लोणचं घातलंत. उन्हानं बेजार झाड वाढायच्या मनःस्थितीत नसतं, त्याला तगायचं असतं. खत पाऊस पडल्यावर.

एकबुर्जी धरणाचं पाणी उन्हाळ्यात कसं पुरवून पुरवून वापरावं, हे व्याख्यान तुम्ही दरवर्षी ओट्यावर बसून मला ऐकवता. शिवाय वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम, हा अभिमानही तुमचाच. गुल्म म्हणजे झुडूप, बरं का. दीड हजार वर्षं ते नावात टिकलं, कारण गच्चीची किल्ली तुमच्याकडे नव्हती.

आता त्या ठणठणीत झाडाविषयी. आपल्या सामाईक भिंतीला लागून, फुटक्या माठात गोडलिंब आहे. त्याला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी भिंतीची सावली. खाली दोन विटा, म्हणजे तापल्या स्लॅबचा चटका नाही. माठ मातीचा, पाझरून गार राहणारा. वर सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटं थर, त्यामुळे ओल उडत नाही. कोपऱ्यात असल्यानं ते तुमच्या नजरेतून सुटलं. मग नऊ दिवस पाणी कोणी घातलं? तुमच्या वरच्या खोलीच्या कूलरनं. तोच तो, गळतो म्हणून मागच्या वर्षी मे महिन्यात मी तुमच्याशी भांडलो होतो. तुम्ही झोपलात की तो थेंब थेंब टाकत राहिला. तुमच्या घरात झाडांचं कळणारा तो एकटाच आहे.

बळीराजाचं राज्य वाचवायला शुक्राचार्य झारीच्या तोटीत बसले आणि पाणी अडवताना एक डोळा गमावून बसले. पुढच्या नवतप्यात तुम्ही तेवढं माझ्यासाठी करा. डोळा नको, बोट पुरे. दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर झारी खाली ठेवा. कोरडं लागलं तर सकाळी सातच्या आत, तळाच्या भोकातून पाणी निघेपर्यंत एकदाच घाला आणि निमूट घरी जा.

आपला,
भिंतीपलीकडचा

ता. क. कूलर दुरुस्त करायला माणूस बोलावलाय असं कळलं. माझी मागच्या वर्षीची तक्रार मी मागे घेतो आहे. त्याला हात लावू देऊ नका.