बाकी सगळे ठणठणीत

देशाच्या आरोग्याच्या इतिहासात मार्च ते मे २०२० हे तीन महिने सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवे होते. राहून गेलं. एका विषाणूच्या गडबडीत बाकीचे रोग किती झपाट्याने बरे झाले, याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड झाली नाही.

आकडे पाहा. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी नंतर हिशेब मांडला. २०१९च्या त्याच तीन महिन्यांत त्यांच्याकडे १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते, २०२०मध्ये ५१,७६०. निम्म्याहून अधिक कर्करोग औषधाविना पळाला. हृदयविकाराचा झटका आला म्हणून दाखल होणाऱ्यांचे आकडे १८७ रुग्णालयांनी एकत्र केले, तर मागच्या वर्षीपेक्षा ३५ टक्के माणसं कमी. क्षयरोगाची गोष्ट आणखी नामी. २०१९मध्ये देशात २४ लाख क्षयरोगी नोंदले गेले होते, २०२०मध्ये १८ लाख. सहा लाख माणसांचा क्षय घरबसल्या गेला. जे काम टीबीच्या सरकारी कार्यक्रमांना कित्येक दशकांत जमलं नाही, ते टाळेबंदीच्या कुलपाने करून दाखवलं. एकाही कुलपाला पद्मश्री मिळाली नाही, हा भाग वेगळा.

आता काही खवचट मंडळी म्हणतील, रोग कमी झाला नाही, रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचला नाही. म्हणोत. क्षयाचा जंतू शोधणारी ट्रूनॅट आणि सीबीनॅट ही यंत्रं एप्रिल २०२०पासून कोरोनाच्या तपासणीलाही जुंपली गेली. यंत्र एक, रोग दोन. त्यातल्या एकाची बातमी रोज संध्याकाळी टीव्हीवर. दुसरा सापडेल कसा? आणि सापडला नाही म्हणजे नाहीच, एवढं साधं शास्त्र तर कुठल्याही सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला कळतं. फक्त जागतिक आरोग्य संघटनेला ते कळलं नाही. तिने पुढच्या वर्षी जाहीर केलं की २०२०मध्ये जगभरात क्षयाने मेलेल्यांची संख्या दशकभरात पहिल्यांदाच वाढली. रोगी कमी आणि मृत्यू जास्त! हे गणित घालून कुणीतरी शाळेची परीक्षा घ्यायला हवी.

ही क्रांती एका कागदाने झाली. २० मार्च २०२०ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना कळवलं की तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. कागदात चूक काहीच नव्हती. रोग नवा, मास्क अपुरे, पीपीई किट म्हणजे काय हे निम्म्या दवाखान्यांना ठाऊक नाही. खाटा राखून ठेवणं शहाणपणाचंच होतं. फक्त किती दिवस पुढे, आणि ‘तातडीचं नाही’ हे ठरवणार कोण, एवढंच त्यात नव्हतं. जगभरच्या शल्यचिकित्सकांच्या एका गटाने तेव्हा अंदाज बांधला होता की पहिल्या लाटेच्या ऐन भरातल्या १२ आठवड्यांत २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द किंवा लांबणीवर पडतील. त्यांत भारताच्या वाट्याला पाच लाखांहून जास्त. त्यांतली एक आमच्या फोरमनकाकांची.

आमचं छत्तीसगडमधलं भिलाई मुळातच शिस्तीचं गाव. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी सुरू झाली, तेव्हापासून इथला माणूस शिफ्टप्रमाणे उठतो आणि शिफ्टप्रमाणे झोपतो. नागपूर, भंडारा, वर्ध्याहून आलेल्या मराठी माणसालाही हे वळण लागलं. बाकी त्याचं सगळं पूर्वीसारखंच राहिलं. तर काका हे त्यांतले एक. ब्लास्ट फर्नेसमधून निवृत्त, जांघेतला हर्निया जुना, आणि ऑपरेशनची तारीख ठरलेली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका खासगी रुग्णालयात. मेडिक्लेमचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत तयार. काकूंनी उपासही बोलून ठेवलेला.

ठरल्या दिवशी काकांनी फोन लावला. पलीकडून आधी खोकल्याची ती सरकारी धून, मग एक मुलगी.

“अंकल, अभी सिर्फ इमर्जन्सी चालू है.”

“बेटा, इमर्जन्सी कशाला म्हणायचं?” काकांनी मराठी-हिंदीच्या त्यांच्या ठेवणीतल्या मिश्रणात विचारलं.

“जब होगी ना अंकल, तो आपको खुद पता चल जाएगा.”

वैद्यकशास्त्राची इतकी नेमकी व्याख्या मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

भिलाईतल्या मराठी माणसाकडे अशा वेळी एक हुकमाचं पान असतं: “नागपूरला दाखवू.” भिलाईच्या डॉक्टरने सांगितलेलं निदान नागपूरचा डॉक्टर वदल्याशिवाय आमच्याकडे पक्कं धरत नाहीत. पण गाड्या बंद. रस्त्यावर बाघनदीला राज्याची सीमा, आणि सीमेवर पोलीस. पलीकडे जायला ई-पास, पासला तातडीचं कारण, कारणाला डॉक्टरची चिठ्ठी, आणि डॉक्टर नागपुरात. काकांनी हे चक्र कागदावर काढून पाहिलं. आयुष्यभर फ्लो-चार्ट वाचलेला माणूस, म्हणाले, “यात इनलेटच नाही.”

मग टेलिमेडिसिन आलं. २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, सरकारने त्याची नियमावली काढली. खरं सांगायचं तर साथीच्या काळात झालेल्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या लोकांना तिने हात दिला. पण हर्निया ही मोबाइलवर दाखवण्याची वस्तू आहे का, हा प्रश्न नियमावलीत सुटलेला नव्हता. नातवाने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात टॉर्च. काका लुंगी सावरत खिडकीशी उभे, कारण नेटवर्क तिथेच. काकू दाराला पाठ लावून पहाऱ्यावर. पडद्यावरचे डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, “जरा खोकून दाखवा. जोरात. अजून जोरात.”

हर्निया तपासताना रुग्णाला खोकायला लावतात, कारण खोकल्याने पोटातला दाब वाढतो आणि फुगवटा बाहेर येतो. हे डॉक्टरांना ठाऊक, काकांना ठाऊक. खालच्या क्वार्टरला ठाऊक नव्हतं. एप्रिल २०२०मध्ये उघड्या खिडकीतून सात-आठ दणदणीत खोकले म्हणजे बाँब पडल्यासारखंच. दोन तासांत पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं हजर. दारावर स्टिकर लागला, नाकात काडी गेली, शेजाऱ्यांनी दुधाच्या पिशव्या जिन्यातूनच फेकायला सुरुवात केली. अहवाल आला निगेटिव्ह. स्टिकर काढायला आलेल्या माणसाने आपुलकीने विचारलं, आणखी काही त्रास? काका म्हणाले, हर्निया आहे. तो म्हणाला, “वो हमारे में नहीं आता.”

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण पुढे सगळंच एका रंगात रंगवलं गेलं. एप्रिल २०२० संपला तेव्हा अख्ख्या छत्तीसगडमध्ये कोरोनाचे रुग्ण पन्नासही झाले नव्हते. राज्यातला पहिला कोविड मृत्यू नोंदला गेला तो मे महिना संपता संपता. म्हणजे दोन महिन्यांहून जास्त काळ ज्या रोगाने राज्यात एकही माणूस नेला नव्हता, त्याच्यासाठी खाटा राखलेल्या होत्या. आणि ज्या रोगांनी या दिवसांतही माणसं नेली, त्यांना बसायला बाकडं नव्हतं. तयारी हवीच होती. पण पाहुणे यायचे आहेत म्हणून घरच्या माणसांना अडीच महिने जेवायलाच वाढायचं नाही, ही कुठली रीत? २८ एप्रिलला केंद्राने राज्यांना पत्र लिहून बजावलं की डायलिसिस, रक्त चढवणं, केमोथेरपी, बाळंतपण या सेवा नाकारू नका, आणि त्यांच्यासाठी कोविड चाचणीचा हट्ट धरू नका. असं पत्र लिहावं लागतं याचा अर्थ काय घडत होतं, हे वेगळं सांगायला नको. ज्या राज्यात सिकलसेलचं दुखणं घरोघर माहीत आहे, तिथे रक्तदान शिबिरं बंद पडल्यावर रक्त कुठून येणार, हा प्रश्न कुठल्याही बुलेटिनमध्ये आला नाही.

बुलेटिन मात्र रोज येत होतं. संध्याकाळी, न चुकता. आजचे नवे, आजचे बरे झालेले, आजचे गेलेले. सगळा देश आकडेमोडीत पटाईत झाला. पानठेला बंद असतानाही पानठेल्यावरचा माणूस डबलिंग रेट सांगायचा. त्या तक्त्यात एक रकाना वाढवायला किती शाई लागली असती? आज डायलिसिस चुकलेले, आज केमो हुकलेले, आज छातीत कळ येऊनही ‘दवाखान्यात गेलो तर कोरोना लागेल’ म्हणून घरीच पडून राहिलेले. इंग्लंडचंही साथीत कंबरडं मोडलं, पण तिथे निदान रांग मोजतात: उपचारांसाठी थांबलेल्यांची यादी सप्टेंबर २०२३मध्ये जवळपास ७७ लाखांवर गेली आणि तिथल्या सरकारला त्याचं उत्तर देत तोंड लपवावं लागलं. आपल्याकडे असली नामुष्की आली नाही. यादीच नाही, तर रांग कुठली!

२०२१च्या एप्रिलबद्दल मात्र मी गंमत करणार नाही. ६ एप्रिलला आमचा दुर्ग जिल्हा पुन्हा कुलूपबंद झाला, आणि सेक्टर नऊच्या रुग्णालयापासून कचांदूरच्या रुग्णालयापर्यंत खाटेसाठी माणसं फोन फिरवत होती. आमच्या कारखान्यात पोलाद बनवायला लागणारा ऑक्सिजन टँकरांतून दूरदूरच्या रुग्णालयांना जात होता. त्या दिवसांत कुणाचा मोतीबिंदू मागे राहिला, तर त्याने तक्रार केली नाही, करवलीही नसती. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय मरत होते. हिशेब मागायचा तो त्या महिन्याचा नाही. त्याच्या आधीच्या वर्षाचा, आणि त्याच्या नंतरचा, जेव्हा लाट ओसरली, मॉल उघडले, निवडणुका झाल्या, लग्नांत पाचशे पानं उठली. आणि ‘तूर्त पुढे ढकलले आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना परत फोन करून बोलावणं हे कुणाचंच काम नव्हतं.

काकांचा हर्निया काही एप्रिल २०२१पर्यंत थांबला नाही. सप्टेंबर २०२०मध्ये, म्हणजे खरोखरच लाट आली तेव्हा, एका रात्री तो बाहेर आला आणि आत जाईना. त्या मुलीने सांगितलं होतं तसं काकांना खुद पता चल गया. तीन ठिकाणी फिरून चौथ्या ठिकाणी घेतलं. ज्या ऑपरेशनला मार्चमध्ये तासभर लागला असता, त्याला अर्धी रात्र लागली, आणि काळा पडलेला आतड्याचा वीतभर तुकडा कापावा लागला. मेडिक्लेम पुरला नाही. काका वाचले, हे त्यांचं नशीब आणि एका तरुण सर्जनचे उपकार.

बरे झाल्यावर आम्ही भेटायला गेलो तेव्हा काका उशीला टेकून भट्टीवर बोलत होते. ब्लास्ट फर्नेस पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. आतलं विटांचं अस्तर झिजत जातं, म्हणून ठरावीक काळाने ती थंड करून कॅपिटल रिपेअर काढतात. “ते पुढे ढकलायचं असेल ना,” काका म्हणाले, “तर फाइल फिरते. कोणी म्हटलं, का म्हटलं, किती दिवस, तोवर काय खबरदारी. खाली सही लागते. उद्या शेल फुटलं तर ती सही काढून समोर ठेवतात. माझ्या पोटाची फाइल कुणी फिरवली, ते तरी सांगा.”

फाइल होती. काकूंनी ती प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिली. डिस्चार्ज कार्ड. निदान, शस्त्रक्रिया, औषधं, सगळं व्यवस्थित टाइप केलेलं. गुंतागुंतीचं कारण या रकान्यापुढे लिहिलं होतं: रुग्ण उशिरा आला.

काकांनी टाके काढायला गेल्यावर हे दुरुस्त करून मागितलं. मी उशिरा आलो नाही, मला उशिरा घेतलं, मार्चच्या तारखेची चिठ्ठी माझ्याकडे आहे. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली, कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि अगदी अदबीने सांगितलं की बाबूजी, उसमें दूसरा ऑप्शन नहीं है.