बेकारीची ऐपत

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारतविषयक अहवालात एक मजेशीर जोडी आहे. 2022 साली पदवीधर तरुणांत बेकारी 29.1 टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. यावरून ‘अंगठाबहाद्दरच बरे’ असं म्हणायची घाई कुणी करू नये. घरात संध्याकाळच्या पिठाची भ्रांत असलेल्याला बेकार राहणं परवडत नाही. तो मिळेल ते ओझं उचलतो आणि सरकारदरबारी रोजगारवाला ठरतो. बेकार राहायलाही ऐपत लागते. पदवी म्हणजे बऱ्या नोकरीची वाट पाहण्याचा परवाना, आणि कॉलेजची फी म्हणजे त्या प्रतीक्षालयाचं भाडं.

हे भाडं ठरतं मोठ्या शिस्तीत. महाराष्ट्रात 1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, 1987 मध्ये कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा आला, आणि आता शुल्क नियामक प्राधिकरण संस्थेचा खर्च तपासून फी मंजूर करतं. खर्च संस्थेचा हं. पोराच्या पदरात काय पडलं त्यावर फी ठरत नाही. त्यामुळे फी दरसाल लाखाच्या पुढे सरकत राहते आणि बड्या आयटी कंपन्यांत नव्याने लागणाऱ्याचा पगार दहा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास पाय मुडपून बसतो. यावर संस्थाचालक म्हणतात, शिक्षण पॅकेजसाठी नसतं, ज्ञानासाठी असतं. मान्य. मग माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर पॅकेजवाल्यांचे फोटो कशाला? तिथे ज्ञान झालेल्यांचे छापा. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: पदवीधर सरासरीने जास्त कमावतो. कमावतो, पण त्या सरासरीत आयआयटीवाला आणि तालुक्याच्या कॉलेजातला एकाच ताटात जेवतात. कर्जाचा हप्ता तेवढा वेगवेगळ्या घरी जातो. तिसरं उत्तर सरकारचं. 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातल्या अनेक मुलींची फी माफ झाली. चांगलंच झालं. पण त्याने फी उतरली नाही, भरणारा बदलला. आणि मेसवाल्याला शासन निर्णय दाखवून जेवण मिळत नाही.

पदवीनंतर सरकारी नोकरीची वाट पाहण्याचा दुसरा हप्ता सुरू होतो: पुण्याच्या पेठांतली कॉटबेसिस खोली, अभ्यासिका, क्लास. 2024 च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. शिपायाला बारावी पुरते, तरी रांगेत इंजिनिअरही होते. भरतीतल्या सोळाशे मीटर धावण्यावर कॉलेजासारखं विकास शुल्क अजून कुणी लावलेलं नाही.