कमरपट्टा सोडून कलादर्शन

मांद्र्याहून मोपाच्या पठारावर जाऊन, 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन झालेल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळात पोर्तुगीज वळणाच्या अझुलेजो फरशांचे दर्शन घेतले, तेव्हा ध्यानी आले की, कलेच्या साक्षात्कारास हल्ली तिकीट, ओळखपत्र आणि कमरपट्टा सोडण्याची तयारी एवढाच सरंजाम लागतो. दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलात भिंतीवरून पुढे आलेले प्रचंड हात नृत्यमुद्रा दाखवितात खरे; पण पारपत्राच्या रांगेत तिष्ठणाऱ्या जीवास अभयमुद्रेवाचून दुसरी कोणती मुद्रा कामास येणार? मुंबईस तर 2014 साली राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली ‘जय हे’ नावाचे हजारो कलावस्तूंचे संग्रहालयच टर्मिनलात थाटले गेले. मात्र ज्यांच्या हातांनी त्या वस्तू घडल्या, तो कारागीर तिकिटावाचून आला तर दारावरचा शिपाई त्यास अदबीने परत पाठवील.

उलट, आमच्या पेडणे महालात चवथीची मातीची मूर्ती दीड दिवस पाहुणचार घेऊन पाण्यात विरते, आणि दशावतारातला नट रात्रभर देवळापुढे धिंगाणा घालून पहाटे रंग पुसतो. त्यास पाहताना कमरेचा पट्टा कोणी सोडीत नाही, फार तर खाजे घेण्यापुरता पैशांचा कसा सोडतो.