काही न नेल्याचा दाखला

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सध्या दोनच खिडक्यांवर गर्दी असते. पहिलीवर 'नो ड्यूज' मिळतं, म्हणजे या इसमाकडे आमचं एकही पुस्तक नाही, असा दाखला. दुसरीवर साहित्यचोरी तपासणीचा अहवाल मिळतो, म्हणजे या इसमाने आपल्या प्रबंधात कुणाचं फारसं काही घेतलेलं नाही, असा दाखला. पुस्तकं देण्याघेण्याची तिसरी खिडकीही आहे. पण तिथल्या मॅडमना पहिल्या दोन खिडक्यांवर मदतीला बसवलंय, कारण माणसं कमी आणि परीक्षा तोंडावर. त्यामुळे ग्रंथालयातून काहीही न नेणाऱ्यांची सोय चोख झाली आहे. नेणाऱ्यांनी सोमवारी यावं.

हे ग्रंथालय कुठलं, असं विचारू नये. ज्याला आपलं वाटेल त्याचं.

दुसऱ्या खिडकीची महती मोठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम करून दिलेत. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून आणा, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर प्रबंध सादर करायचा नाही, आणि साठच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. तेव्हापासून संशोधकांची भाषा बदलली. पूर्वी एकमेकांना "विषय काय तुमचा?" असं विचारायचे, आता "किती लागलं?" असं विचारतात. डेअरीवर दुधाला फॅट लागते तसं. एवढाच फरक, की इथे कमी लागलं की पेढे.

मराठी प्रबंधवाले मात्र या खिडकीवरून सहसा हसतमुखाने परततात. यंत्राला मराठी येत नाही असं नव्हे. पण ज्या जुन्या ग्रंथातून पानंच्या पानं उतरवली, तो ग्रंथ यंत्राने जन्मात पाहिलेला नसतो. तो कपाटात असतो. कपाटाला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे आणि त्यात साम्य शून्य टक्के निघेल याची आम्ही हमी देतो.

कुलपाची बदनामी फार झाली, म्हणून आज त्याची बाजू मांडतो. ग्रंथपाल लोक स्वभावाने दुष्ट असतात म्हणून कपाटं बंद राहतात, हा वाचकांचा गैरसमज आहे. कपाटं हिशेबाने बंद राहतात. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आहेत, त्यातला नियम २१५ ग्रंथालयांचा. साठा वीस हजारांपर्यंत असेल तर दरवर्षी एकेक पुस्तक मोजा, वीस ते पन्नास हजार असेल तर तीन वर्षांतून एकदा तरी सगळं मोजा, त्याहून जास्त असेल तर नमुना काढून मोजा. इथवर ठीक. पुढे सरकारने चक्क काळीज दाखवलंय. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ते वाजवी समजावं. अर्थात त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. आणि हजार रुपयांहून महाग पुस्तक, किंवा कितीही किमतीचं दुर्मिळ पुस्तक हरवलं, तर चौकशी ठरलेली. आपल्या विद्यापीठांची लेखापरीक्षणाची बाडं वेगळी असतील, पण घाबरण्याची रीत देशभर एकच आहे.

आता हा हिशेब प्रभारी ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून करून पाहा. (कायम ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, तेव्हा कार्यभार भूगोलाच्या सरांकडे आला. त्यांना नकाशे आवडतात.) हजार पुस्तकं वाचायला दिली तर पाच हरवायची मुभा. दोनशे दिली तर एक. शंभर दिली तर अर्धं. आमचे काही विद्यार्थी नियमाला इतके धरून आहेत, की ते खरोखर अर्धंच पुस्तक फाडून नेतात आणि उरलेलं वेळेत परत करतात. आणि एकही दिलं नाही, तर? हरवायची मुभा शून्य, पण हरवण्याची शक्यताही शून्य. चौकशी नाही, खुलासा नाही, निवृत्तीच्या वेळी पेन्शनची फाईल अडत नाही. भूगोलाच्या सरांनी हे गणित एका दुपारी सोडवलं आणि संध्याकाळी कुलपाला तेल घातलं. त्यांना दोष देणारे आम्ही कोण? देशात वाचकाला पुस्तक न दिल्याबद्दल कुणाला नोटीस आल्याचं ऐकिवात नाही. दिल्याबद्दल आलेल्या नोटिशींना स्वतंत्र फाईल आहे.

वैद्यकीय ग्रंथालयांची तर दयाच येते. शरीरशास्त्राचं किंवा शस्त्रक्रियेचं चांगलं पुस्तक हजाराच्या आत आणून दाखवा. म्हणजे तिथे प्रत्येक फळीवर ओळीने चौकशा मांडून ठेवलेल्या. अशा फळीला हात लावू देणं हा धाडसाचा भाग झाला.

दर्शनी भिंतीवर डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा फोटो आहे. १२ ऑगस्टला त्याला हार घालतात. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपाने मांडली. पहिलं सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. हे सूत्र सुबक अक्षरात लिहून, चौकटीत बसवून, कुलूपबंद कपाटांच्या बरोबर वर टांगलेलं आहे. चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तेही पाळलं जातं. मागितलेलं पुस्तक "बाहेर गेलंय" असं शिपाईमामा जागेवरून न उठता तीन सेकंदांत सांगतात.

आत शिरण्याचे नियमही वाचनीय आहेत, किंबहुना तिथे सहज वाचायला मिळणारा मजकूर तेवढाच. स्वतःची पुस्तकं आत नेऊ नयेत. ग्रंथालयाची पुस्तकं बाहेर नेऊ नयेत. दारात दोन्ही पुस्तकं अशी समोरासमोर अडवल्यावर आत उरतं काय, तर खुर्ची, पंखा आणि मोबाईल लावायचा बोर्ड. याला अभ्यासिका म्हणतात. सकाळी सातला जागा धरायला रांग लागते. पोरं एमपीएससीची असतात, आपापल्या नोट्स शर्टात लपवून आत आणतात आणि दिवसभर मान वर न करता वाचतात. अख्ख्या इमारतीत मन लावून वाचणारी हीच काय ती जमात, आणि तीच नियमबाह्य.

या बाबतीत आपलं नाशिक नशीबवान म्हणायचं. दोन राज्यव्यापी विद्यापीठं आपल्या वेशीवर आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि दिंडोरी रोडला म्हसरूळकडे १९९८ चं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. दोन्हींची मुख्यालयं इथे, विद्यार्थी मात्र गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत. म्हणजे ग्रंथालयाची जी आदर्श स्थिती, इमारत एका जिल्ह्यात आणि वाचक छत्तीसमध्ये, ती आपल्याला जन्मजात लाभली. मुक्त विद्यापीठाचं ब्रीदच मुळी 'ज्ञानगंगा घरोघरी'. ते अभ्यासाची पुस्तकंच विद्यार्थ्याच्या हाती देतात, त्यामुळे ग्रंथालयापर्यंत येण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. शिवाय ग्रंथालयशास्त्राची पदवीही तिथून दूरस्थ पद्धतीने मिळते. ग्रंथापासून अंतर राखायचं शिक्षण अंतर राखूनच द्यावं, याहून सुसंगत काय असेल, असं एक खवचट मित्र म्हणाला. त्याला आम्ही गप्प केलं. तालुक्याच्या वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर खपणारी बरीच माणसं ही पदवी रात्री जागून घेतात. चेष्टा करायला भूगोलाचे सर पुरेसे आहेत.

ज्यांना नियम २१५ लागू नाही, त्यांचं काय होतं तेही याच गावात पाहायला मिळतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांची पेटी भरायची, वाचणाऱ्यांच्या गटाकडे सोपवायची, काही महिन्यांनी पेट्या आपापसात बदलायच्या. पेटी सोसायटीत गेली, तुरुंगात गेली, थेट दुबईला गेली. ना बारकोड, ना गेटवर पिपाणी वाजवणारं यंत्र. आमच्या सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पडताळणी कोण करतं?" दुसरा प्रश्न नव्हता.

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे सावानाची, तऱ्हा आणखी निराळी. सावाना १८४० ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून सतरा वर्षांनी थोरली. तिच्या कार्यकारिणीची निवडणूक नाशिककर पॅनेलं उभी करून, पत्रकं वाटून, एकमेकांची उणीदुणी काढून लढवतात. बाहेरगावचे लोक हसतात. हसोत बापडे. ग्रंथालयावरून भांडणारी माणसं आहेत म्हणजे तिथे भांडण्याजोगं काही तरी शिल्लक आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीवरून आजवर कुणी कुणाला साधं वाईटही बोललेलं नाही. तिथे चहा झाल्यावर मागील इतिवृत्त कायम होतं आणि सभा संपते.

आता दिल्लीची बातमी. केंद्र सरकारने 'एक देश, एक वर्गणी' ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे तेरा हजार ई-नियतकालिकं, तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये, लाभार्थी एक कोटी ऐंशी लाख. भागाकार आम्ही केला. वर्षाला माणशी अकराशे रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे लाडक्या बहिणीच्या एका हप्त्याहून कमी. जगातलं संशोधन याहून स्वस्तात मिळणार नाही, हे मान्य. पण योजना मंजूर झाली ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. गावातलं कॉलेज खासगी संस्थेचं असेल तर देश एक, वर्गणी एक, आणि आपण दुसरेच. शिवाय तेरा हजारांच्या त्या यादीत १९४७ पासूनचं आपलं 'नवभारत' शोधायला जाऊ नये. ते आंतरराष्ट्रीय नाही, वाईचं आहे.

सरांनी या योजनेचं मनापासून स्वागत केलं. तेरा हजार नियतकालिकं, आणि एकाचीही पडताळणी नाही! वाळवी लागत नाही, पान फाडता येत नाही, हरवायची सोयच नाही. असं आदर्श ग्रंथधन पाहून त्यांना भरून आलं. लॉगिन कसं करायचं याच्या माहितीचं पत्रक आलंय. ते त्यांनी जपून कपाटात ठेवलंय.

त्याच १ जानेवारीपासून पंधरा दिवस 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा राज्यव्यापी उपक्रम होता. १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिनही असतो. अशा दिवशी कुलूप उघडतं. पुस्तकं पांढऱ्या कापडाच्या टेबलांवर मांडली जातात, पुढ्यात 'कृपया हात लावू नये' ही पाटी. पाहुणे फीत कापतात, मोबाईल नामक राक्षसावर वीस मिनिटं बोलतात आणि त्याच राक्षसातून सगळ्यांचे फोटो निघतात. फोटो साधा चालत नाही. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला जिओटॅगचा लागतो, कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. इथे मात्र भूगोलाच्या सरांना तोड नाही. अमुक ग्रंथ अमुक दिवशी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी कपाटाबाहेर होता, याचा उपग्रहाने दिलेला पुरावा आज विद्यापीठाकडे आहे.

नॅकच्या तक्त्यात ग्रंथालयाचा दैनंदिन वापर किती, असा रकाना असतो. दाराशी किती आले ते मोजायचं, ऑनलाइन किती शिरले ते मोजायचं. आत येऊन काय वाचलं, याला रकाना नाही. मग दारात रजिस्टर आलं. थंड पाण्याचा कूलर प्रवेशद्वाराजवळून हलवून सर्वात आतल्या दालनात नेला गेला, स्वच्छतागृहाचा रस्ताही ग्रंथालयातून काढला गेला. एप्रिल-मेमध्ये आकडे असे काही उसळले, की समितीने लेखी कौतुक केलं. पाणी प्यायला येणारे प्लंबर, कुरिअरवाले, प्रवेशाची चौकशी करायला आलेले पालक, सगळ्यांच्या सह्या आहेत. एक सही 'सोन्या' अशी आहे. तो सुरक्षारक्षकाचा कुत्रा असल्याची कुजबुज आहे, पण वेळ नोंदवली असल्याने ती ग्राह्य धरली.

सरांचं लक्ष आता २०२७ च्या सिंहस्थाकडे लागलं आहे. अभ्यासिका बंदोबस्ताच्या पोलिसांना राहायला द्यावी लागेल की काय, म्हणून एमपीएससीची पोरं धास्तावली आहेत. सर मात्र शांत आहेत. पोलीस राहिले तर सह्या पोलिसांच्या, हा विचार त्यांनी करून ठेवला आहे. खरा प्रस्ताव मोठा आहे आणि तो कुलसचिवांच्या टेबलावर पोहोचलासुद्धा. ग्रंथालयाचं एक विस्तार केंद्र पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर उघडायचं. पुस्तकं न्यायची नाहीत, भिजतील. एक टेबल, दोन खुर्च्या आणि रजिस्टर. पेन दोरीला बांधलेलं.