जाडी पुरे, घनता सांगा

दुकानदार गादीवर तळहात दाबतो, उचलतो आणि फोम वर आलेला दाखवतो. "बघा, कसा उसळतो!" नवा फोम उसळतोच. 16 घनतेचाही उसळतो आणि 40 घनतेचाही. दुकानात एसी असतो, गादीवर प्लास्टिक असतं आणि परीक्षा दोन सेकंदांची असते. खरी परीक्षा जुलैत सुरू होते. डोंबिवलीतली खोली, बाहेर आठवडाभर झड, खिडकीशी वाळत घातलेले कपडे, आणि त्या गादीवर रोज सात तास दोन माणसं. त्या परीक्षेबद्दल दुकानात कुणी तोंड उघडत नाही.

दोन-तीन पावसाळ्यांत कमरेखाली खड्डा पडतो. माणूस म्हणतो, "स्वस्तातली होती, चालायचंच." मला हे "चालायचंच" मान्य नाही. स्वस्त वस्तू कमी टिकते हे कबूल. पण किती कमी, आणि का, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला सांगितलं जात नाही. याला मी फसवणूक म्हणते.

गादी विकली जाते इंचांवर. चार इंची, सहा इंची, आठ इंची. जाडी डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा भाव होतो. टिकाऊपणा मात्र घनतेवर, म्हणजे दुकानाच्या भाषेत 'डेन्सिटी'वर ठरतो: एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. 32 म्हणजे 32 किलो. बाकीची जागा हवेची. सहा फूट बाय तीन फूट, चार इंची गादीचं आकारमान साधारण 0.17 घनमीटर भरतं. फोम 32 घनतेचा असेल तर तो साडेपाच किलोच्या आसपास भरायला हवा. 18 घनतेचा असेल तर तीन किलो. बाहेरून दोन्ही गाद्या जुळ्या बहिणी. तुमचं वजन मात्र एकीत जवळजवळ दुप्पट पॉलिमर पेलतो, आणि दुसरीत त्याच कामाला निम्म्या मालाच्या बारीक काड्या असतात. त्या आधी थकतात.

मग गादी काट्यावर टाकावी का? टाकावी. रद्दीवाल्याच्या काट्यावरही चालेल. फक्त खोळीचं वजन वजा करा, आणि एक चलाखी लक्षात ठेवा. वजन वाढवायला फोममध्ये खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळता येते. गादी जड होते, मजबूत होत नाही, उलट फोम लवकर फाटतो. दुसरी चलाखी थरांची. वर इंचभर बरा फोम, मध्ये 'ईपीई'चा पांढरा, हलका, करकरणारा तक्ता आणि खाली 'रीबॉन्डेड', म्हणजे कातरण दाबून केलेला कडक थर. वर हात ठेवणाऱ्याला फक्त पहिला इंच कळतो. ईपीई हे पॅकिंगचं सामान आहे. एकदा दबलं की ते नीट वर येत नाही. टीव्हीच्या खोक्यात ते छान काम करतं. माणसाच्या पाठीखाली त्याला घालणाऱ्याने निदान तसं लिहून तरी द्यावं.

आता दमट हवेकडे येते, कारण सगळं दुखणं तिथे आहे.

पॉलियुरेथेन 1937 मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत जन्मलं. त्याचा मऊ फोम करताना पॉलिऑल आणि आयसोसायनेट या दोन द्रवांत पाणी घालतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मिश्रण फुगतं. म्हणजे हा पदार्थ फुगतोच पाण्यामुळे. पुढे तेच पाणी त्याच्या मुळावर येतं. फोमच्या बारीक भिंतींमध्ये काही भाग कडक असतात आणि ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हवेतली वाफ आत शिरली की पाण्याचे रेणू त्या बंधांमध्ये घुसतात, पकड सैल होते, फोम मऊ पडतो. हवा कोरडी झाली की बरीचशी ताकद परत येते. पण मऊ पडलेला असतानाच त्याच्यावर रात्रभर वजन असलं, तर तो दबल्या आकारातच थोडा मुरतो. दर रात्री थोडा. मुंबई-रत्नागिरी-पणजीला जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर ठाण मांडून असते. झोपलेला माणूस आपल्या घामाची आणि श्वासाची भर घालतो ती वेगळीच. 'सादळणं' आपण पापडाबद्दल बोलतो. फोमही सादळतो.

हे कुणा एकीचं घरगुती निरीक्षण नाही. फोम उद्योगाच्या प्रयोगशाळेत याची ठरलेली चाचणी आहे. एएसटीएम डी 3574 या अमेरिकी मानकात फोमचा तुकडा निम्म्या जाडीपर्यंत दाबून 22 तास भट्टीत ठेवतात आणि सोडल्यावर तो किती वर आला हे मोजतात. एक चाचणी कोरडी, 70 अंशांवर. दुसरी ओली, 50 अंशांवर आणि 95 टक्के आर्द्रतेत. ओल्या हवेची वेगळी चाचणी कशाला लागली? कोरड्यात तगलेला फोम ओल्यात तगेलच असं नाही, हे त्या धंद्याला पक्कं माहीत आहे म्हणून. आपल्याकडेही घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमसाठी आयएस 7933 हे भारतीय मानक आहे. मला सांगा, गादीच्या कुठल्या जाहिरातीत तुम्ही या आकड्यांपैकी एक तरी पाहिलात? जाहिरातीत ढग असतात, पिसं असतात, हसत उठणारं जोडपं असतं. 'ओल्या चाचणीत इतके टक्के दबली' असं नसतं.

त्यात आता गुंडाळून येणाऱ्या गाद्या. हवा काढून, दाबून, वळकटी करून खोक्यात भरलेल्या. जिन्यातून वर नेणं सोपं जातं, वाहतूक स्वस्त पडते, हे सगळं खरं. पण फोमला दाबून उष्णतेत ठेवणं म्हणजे वर सांगितलेली चाचणीच आहे. प्रयोगशाळेत ती 22 तासांत संपते. भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात एखादं खोकं किती दिवस पडून होतं हे खोक्यावर कुठे वाचायला मिळतं? गादी उघडल्यावर दोन-तीन दिवसांतही पूर्ण जाडीला आली नाही, तर फूटपट्टी लावा, फोटो काढा आणि परत पाठवा. "येईल हळूहळू" यावर विश्वास ठेवून परतीची मुदत घालवू नका.

मेमरी फोमचं थोडक्यात. 1966 मध्ये नासाच्या कामातून तो आला, हे विक्रेता सांगतो. त्याच्या मऊपणाचं सगळं गणित तापमानावर आहे, हे सांगत नाही. थंडीत तो ताठ असतो, उकाड्यात ढिला पडतो, आणि त्यातून हवाही कमी खेळते. किनाऱ्यावर, पंख्याखाली झोपणाऱ्या माणसाने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

विक्रेत्यांना बोलले, आता आपल्याला. नव्या गादीचं प्लास्टिक महिनोन्‌महिने न काढणारी घरं मी पाहिली आहेत. मळू नये म्हणून! त्या प्लास्टिकखाली ओल अडकते, कुबट वास धरतो आणि मग काळे ठिपके येतात. ती बुरशी असते. दुसरा आपला लाडका दिवाण, प्लायचा बंद खोका. जागा नसलेल्या घरात त्याच्या पोटात अर्धा संसार असतो, त्यामुळे त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण वरच्या फळीला एकही भोक नसेल तर गादीतली ओल खालून जाणार कुठे? सुताराला बोलावून फळीत वितीवितीवर भोकं पाडून घ्या. गादी जमिनीवर टाकत असाल तर सकाळी ती भिंतीला उभी करा. खालची लादी थंड, वरचं अंग गरम. मधली वाफ गादीच्या पोटाशी जाऊन पाणी होते. धुळीतले माइट हवेतूनच पाणी पितात, 70-80 टक्के आर्द्रतेत फोफावतात आणि 50 टक्क्यांच्या खाली वाळून मरू लागतात. दम्याच्या मुलाची गादी म्हणूनच कोरडी हवी. सुगंधी फवाऱ्याने माइट मरत नाहीत.

आणि ऊन? आपली आजी गादीला ऊन दाखवायची ती कापसाच्या. फोम कडक उन्हात दिवसभर टाकला की पिवळा पडतो आणि वरचा थर हळूहळू भुगा होऊ लागतो. त्याला सावलीतलं वारं द्या, पंखा द्या. पुराचं पाणी शिरलं असेल तर मात्र टाकून द्या. बाहेरून वाळलेल्या गादीच्या पोटात गटाराचं पाणी कितीतरी दिवस राहतं. जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये ज्यांनी घरं उपसली, त्यांना हे मी सांगायला नको.

वॉरंटीवर दहा वर्षं छापलेली असतात. खालचा बारीक मजकूर वाचा. बहुतेक ठिकाणी गादी रिकामी असताना इंचभर किंवा त्याहून खोल खड्डा दिसला तरच दावा धरतात. फोम मऊ पडला, अंग टेकताच फळी लागली, पण माणूस उठल्यावर गादी वर आली, तर खड्डा 'दिसत' नाही. ओलीने आणि बुरशीने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. खोळीवर डाग असला तरी दावा बाद होऊ शकतो. दमट किनाऱ्यावर गादी ज्या कारणांनी मरते, नेमकी तीच कारणं बाहेर ठेवून दहा वर्षांचं वचन द्यायचं, आणि वर ते ठळक अक्षरात छापायचं! ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही आहे. त्यांनी या बारीक अक्षरांकडे एकदा बघावं.

पर्याय विचाराल तर आहेत, आणि तेही निर्दोष नाहीत. कापसाची गादी ओल धरते, जड होते, गठ्ठे होतात. पण ती उसवता येते, उन्हात टाकता येते, आणि पिंजारी दारात आला की तोच कापूस पिंजून पुन्हा भरता येतो. पिंजारी आता फार थोड्या गल्ल्यांत येतो, आणि त्याला हाक मारायला घरात दुपारी कुणी नसतं, हेही खरं. काथ्याच्या गादीतून हवा खेळते, किनाऱ्याला ती मानवते. मात्र रबर कमी घातलेला स्वस्त काथ्या भुसा गाळतो आणि मधोमध बसतो. तिथेही विचारूनच घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर आठ इंची 18 घनतेच्या गादीपेक्षा चार इंची 32 ची किंवा 40 ची घ्या. पाहुण्यांना ती बारीक दिसेल. दिसू दे.

या सगळ्याचा भुर्दंड कुणाला बसतो ते सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. पैसेवाला गादी बदलतो. मुंबईत कॉट बेसिसवर राहणारी मुलगी बदलू शकत नाही. खाट मालकाची, गादी मालकाची, पाठ तिची. आणि घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा असेल, तर बसलेला फोम ही नुसती गैरसोय राहत नाही. गादी दबून फळी लागली की माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर सगळा भार येतो. तिथला रक्तपुरवठा अडतो, त्यात घाम आणि ओल, आणि कातडी सोलवटून जखम होते. त्या जखमा भरायला महिने जातात. कूस बदलणं, कोरडं ठेवणं हे तर करावंच लागतं, पण त्या माणसाच्या खाली कुठला फोम आहे हेही घरच्यांनी हात घालून बघावं. तळहात गादीखाली सरकवा. वर हाडाचा भार थेट हाताला लागला, तर ती गादी संपली आहे, वॉरंटी कितीही वर्षांची असो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गादीच्या शिवणीत पट्टी असावी. तीवर थरवार घनता, कुठला थर कशाचा, ओल्या चाचणीचा निकाल आणि फोम तयार झाल्याचा महिना लिहिलेला असावा. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर तारीख छापता येते, तर हजारोंच्या गादीवर का नाही? आणि पट्टी सक्तीची होईपर्यंत बिलावर हाताने लिहून घ्या: घनता इतकी, थर असे. दुकानदार टाळाटाळ करील. त्याला तसंच सोडून पुढच्या दुकानात जा.

किनारपट्टीवरच्या वसतिगृहांना, रुग्णालयांना, आश्रमशाळांना हे आणखी निक्षून सांगायला हवं, कारण तिथे गाद्या शेकड्यांनी घेतल्या जातात आणि झोपणाऱ्याला कुणी विचारत नाही. खरेदीच्या कागदावर लांबी, रुंदी, जाडी आणि सर्वांत कमी दर एवढंच लिहिलं, की सर्वांत हलका फोम जिंकणार हे ठरलेलंच. त्या कागदावर घनतेची एक ओळ वाढवा. माल आला की कुठलीही एक गादी उसवा, आतला फोम मोजा आणि काट्यावर टाका. वजन भरलं नाही, तर गाडी फाटकातूनच परत पाठवा.