चौथ्या सीटवरचा निरुत्साह

आयटीतला निरुत्साह हा पगारवाढीच्या तिसऱ्या पत्रानंतर जडणारा विकार असून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तो मुबलक आढळतो. रोगी कोडिंग आवडतं म्हणून या धंद्यात शिरलेला असतो; आता तो दिवसभर मीटिंगा करतो आणि संध्याकाळी त्यांचा रिपोर्ट भरतो.

पट्ट्यात कामधंदा नाही असे नाही. उल्हासनगरात जीन्स शिवल्या जातात, अंबरनाथ-बदलापुरात रसायनांचे कारखाने आहेत. कॉम्प्युटरचे काम मात्र ऐरोली, घणसोली, महापे इथे. 2004 साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यापासून ठाण्याला गाडी बदलून तिथे पोचता येते.

उपचार कंपनीच सुचवते: रोज वीस मिनिटे पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून शांत बसावे. रोग्याला एवढा वेळ मिळतो तो लोकलमध्येच, म्हणून इथे चौथ्या सीटचा विचार करणे भाग आहे. बाकडे तिघांचे, चौथ्याचे अर्धे बूड बाकावर, अर्धे अधांतरी, मांडीवर लॅपटॉपची सॅक आणि सॅकवर उभ्या प्रवाशाचा डबा. हे अर्धे बूडही सुखासुखी टेकत नाही. बदलापूरहून सुटणारी गाडी बदलापुरात शिरतानाच भरलेली असते, कारण अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी डाऊन गाडीने उलटी येऊन जागा धरून बसतात. त्यावरून रोज सकाळी जी भांडणे होतात, त्यांतला जोम पाहता रोग्याचा उत्साह संपला हे निदानच पुन्हा तपासावे लागेल. दहा मिनिटांत कोथिंबीर घरपोच देणारे ॲप लिहिणारा माणूस तासभर अर्ध्या बुडावर तोल सांभाळतो आणि त्याला सांगायचे, पाठ ताठ ठेवा! कुठे ठेवायची? वर तणावमुक्तीचे सत्र संध्याकाळी सातला, हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. ज्याच्या डोक्यातून ही वेळ निघाली त्याला कल्याणपासून ठाण्यापर्यंत एकदा चौथ्या सीटवर बसवावे, डोळे मिटून. 2020 मध्ये घरून काम सुरू झाले तेव्हा बूड पूर्ण टेकले, पण मीटिंगा वाढल्या. पुढे ऑफिसात परत बोलावताना कारण दिले गेले की एकत्र बसल्याने कल्पना सुचतात. एकत्र बसण्याचा अनुभव या लोकांना कोणी शिकवायला नको!

घरगुती उपायांत शेळीपालन पहिले. वांगणी-मुरबाडकडे जमीन बघितली जाते, शेळ्यांची एक्सेल शीट तयार होते. शीटमध्ये एकही करडू दगावत नाही आणि बोकड बरोबर बकरी ईदच्या तोंडावर विकला जातो. रविवारी जमीन बघून आलेला रोगी मंगळवारपर्यंत बरा असतो.

नोकरी सोडण्याचा उपाय फ्लॅटचे हप्ते फिटेपर्यंत लागू पडत नाही. एआयमुळे नोकऱ्या जाणार अशी बातमी आली की मात्र अनेकांत कामाची ओढ एकाएकी परत येते. ती पुढच्या पगारवाढीच्या पत्रापर्यंत टिकते.