आडव्या झाडाचा जमाखर्च

उभ्या झाडाचे मूल्य काढण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत, आणि त्याची सावली, फळे, प्राणवायू आणि पक्ष्यांना मिळणारा आसरा या सर्वांना रुपयांत बसवणारे विद्वानही कमी नाहीत. पडलेल्या झाडाच्या मूल्याकडे मात्र त्यांनी जवळजवळ पाठ फिरवली आहे. ते मूल्य उणे असते, आणि ज्याच्या परसात झाड पडले त्यालाच ते रोखीने चुकते करावे लागते, हे त्यामागचे कारण असावे.

या विषयाचा पहिला सिद्धांत मालकीचा आहे. कोकणातल्या घरामागचे झाड उभे असते तेव्हा त्याच्यावर हक्क सांगणाऱ्यांत सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेले मुंबईचे चुलतभाऊ असतात, फांदी आपल्या हद्दीत आली म्हणून तिच्यावरचे आंबे आपले मानणारा शेजारी असतो, आणि कोणत्याही दप्तरात नोंद नसलेले वानरही असतात. तेच झाड एका रात्रीच्या वादळात आडवे झाले की हे सारे हक्क आपोआप लयाला जातात आणि दिवाणी न्यायालयात दोन पिढ्या न मिटलेला वाद सकाळच्या चहापूर्वी निकालात निघतो. कारण त्या क्षणापासून झाड त्याचे, ज्याचे दार त्याने अडवले आहे.

दुसरा सिद्धांत असा की झाड हटवण्याचा खर्च झाडाच्या आकारावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक ते कशावर पडले यावर असतो. मोकळ्या जागेत पडलेले भले मोठे झाड स्वस्त पडते, तर गडग्यावर, म्हणजे चुन्याशिवाय रचलेल्या जांभ्या दगडांच्या कुंपणभिंतीवर, आडवे झालेले मध्यम झाड महाग पडते. आणि एक फांदी न्हाणीघराच्या कौलांवर, दुसरी विजेच्या तारेवर व शेंडा शेजाऱ्याच्या गोठ्यावर अशी व्यवस्था झाडाने केली असेल, तर खर्चाला वरची मर्यादा उरत नाही. काम देण्याच्या रीती दोन आहेत. रोजावर, म्हणजे दिवसाच्या मजुरीने, दिले तर झाड सावकाश संपते; उक्ते, म्हणजे सगळे मिळून एकच रक्कम ठरवून, दिले तर झाड लवकर संपते पण अर्धवट संपते.

उक्ता दर सांगण्यापूर्वी यांत्रिक करवतवाला, ज्याला गावोगाव नुसते कटरवाला म्हणतात, झाडाभोवती एक शब्दही न बोलता फेरी मारतो. फेऱ्या जितक्या अधिक तितका दर चढा, असा अनुभव असल्याने घरमालकाला ती प्रदक्षिणा सौदेबाजीचा भाग वाटते. ही समजूत मात्र अन्यायाची आहे. पडलेल्या खोडात एका बाजूचे धागे ताणलेले आणि दुसऱ्या बाजूचे दाबलेले असतात. दाबलेल्या बाजूने कापले तर करवत खोडातच धरली जाते, ताणलेल्या बाजूने अंदाज न घेता कापले तर खोड फाटून उसळते, आणि खोडाचे वजन सुटताच मातीसकट उपटलेला मुळांचा गड्डा उलटा फिरून पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो. त्या गड्ड्याच्या आडोशाला उभे राहून सूचना देणारे शेजारी प्रत्येक गावात असतात, आणि त्यांना तिथून हलवण्याचे काम उक्त्या दरात धरलेले नसते.

वजनाचा हिशेबही डोळ्यांआड करण्याजोगा नाही. दोन मीटर घेराचा आणि सहा मीटर लांबीचा सरळ ओंडका सुमारे १.९ घनमीटर भरतो आणि ओले लाकूड पाण्याइतके जड धरले तर त्याचे वजन दोन टनांच्या घरात जाते. याच ओंडक्याचे घनफळ विक्रीसाठी काढताना मात्र घेराच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे, अशी रीत आहे. अठराव्या शतकात एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराच्या कोष्टकांमुळे रूढ झालेल्या या पद्धतीत खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच लाकूड मोजले जाते आणि बाकीचा पाचवा हिस्सा साल व भुसा यांपोटी सोडून दिला जातो. सारांश, विकताना जे झाड ७८ टक्के असते, तेच उचलण्याची मजुरी ठरवताना शंभर टक्के असते.

झाडाची जात विचारली जाते ती यानंतर. फणस पडला तर त्याच्या पिवळ्या, टिकाऊ लाकडासाठी गिऱ्हाईक स्वतःहून दारात येते, आणि पैसा उलट दिशेने वाहण्याची ही जवळपास एकमेव शक्यता आहे. पण फणस, आंबा, चिंच, साग ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने त्यांचे लाकूड बाहेर नेताना कागदपत्रांचा प्रश्न उभा राहतो आणि गिऱ्हाईक त्या प्रश्नाचे उत्तर भावातून कापून घेते. मादागास्करहून आलेला गुलमोहर शोभेच्या बाबतीत जितका उदार, तितकाच लाकडाच्या बाबतीत कंगाल आहे. त्याचे ओंडके फुकट न्या म्हटले तरी नेणारा भाड्याचे विचारतो. शहरी सोसायट्यांच्या आवारात नेमकी हीच जात हौसेने लावलेली असते. तिथे रस्त्यावर पडलेले झाड पालिकेचे आणि आवारात पडलेले सोसायटीचे असा सर्वसाधारण दंडक असल्याने, अर्धे आत व अर्धे बाहेर पडलेले झाड कुंपणाच्या रेषेवर अचूक दुभागलेले पाहायला मिळते.

खर्चाचा हा सगळा शोध तसा अलीकडचा आहे. न्हाणीतला पाण्याचा हंडा आणि स्वयंपाकघरातली चूल दोन्ही लाकडावर चालत होत्या, तोवर पडलेले झाड हटवण्यास कोणी पैसे मागत नसे. फांद्या तोडणाऱ्याने फांद्या न्यायच्या, हीच मजुरी होती, आणि पातेरा, म्हणजे वाळलेला पालापाचोळा, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीपूर्वी जमीन भाजण्यासाठी, आधीच कोणीतरी सांगून ठेवलेला असे. गॅसची शेगडी घरोघर पोहोचली, २०१६ च्या उज्ज्वला योजनेने ती आणखी आत नेली, आणि सरपण ही वस्तू जमेच्या बाजूने उठून खर्चाच्या बाजूला जाऊन बसली. स्त्रियांच्या डोळ्यांतला धूर गेला हा लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे, हे कबूल करूनही परसातला ओंडका जागचा हलत नाही. आजही ‘लाकूड न्या आणि जागा साफ करून द्या’ असा सौदा सुचवला जातो, तो मान्यही होतो, आणि नेणारा मनगटाएवढ्या सरळ फांद्या तेवढ्या निवडून नेतो.

या जमाखर्चाची सर्वांत कठोर परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली, जेव्हा निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतल्या वाड्या, म्हणजे घरामागच्या माडा-पोफळींच्या बागा, एका दुपारीत आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे मजूर नव्हते, वीज गेली होती, आणि पंचनामा होण्याआधी झाड हलवावे तर पुरावा हलतो, या धास्तीने लोक तलाठ्याची वाट पाहत पोफळींवरून उड्या मारत विहिरीवर जात होते. शासनाने बहुवार्षिक फळपिकांसाठीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपयांवर नेली, आणि हा आकडा वर्तमानपत्रात भरघोसच दिसत होता. परंतु हेक्टरात साधारण ९९ गुंठे असतात आणि कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजली जाते. म्हणजे दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजारांच्या आसपास रक्कम येते. शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतराने पोफळी लावल्या असतील तर तेवढ्या जागेत त्या १३५ हून अधिक बसतात, तेव्हा एका पोफळीच्या वाट्याला सदतीस रुपयेही येत नाहीत. एवढ्या रकमेत पोफळ हटवणे दूरच, तिच्याकडे पाहायला आलेल्या माणसाला चहा आणि वडापाव देता आला तरी पुष्कळ. नुकसान झाडागणिक मोजा ही बागायतदारांची मागणी त्या काळात वारंवार का होत राहिली, ते या एका भागाकारावरून कळावे.

ज्यांना हा खर्च झेपला नाही त्यांनी माड पडले तिथेच ठेवले, आणि वरकरणी हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. दुर्दैवाने कुजत्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या तिथेच पोसल्या जातात, आणि बाहेर पडलेला भुंगा वादळातून वाचलेल्या उभ्या माडाचा कोवळा कोंब पोखरतो. त्यामुळे पडलेला माड हटवण्याचे पैसे वाचवणाऱ्याला पुढे उभ्या माडावर औषध घालण्याचे पैसे मोजावे लागतात, आणि तो माडही गेला तर तो हटवण्याचे वेगळे. नव्या माडाला फळ धरायला पाच ते आठ वर्षे लागत असल्याने तोवर जमेची बाजू कोरीच राहते.

हे सर्व ध्यानात घेऊन, ज्यांच्या परसात मोठे झाड आहे त्यांनी मृगापूर्वी त्याच्या वाळलेल्या व कलत्या फांद्या रीतसर परवानगी घेऊन उतरवून घ्याव्यात. झाड पडलेच, तर दर ठरवताना तो बुडख्यासकट आहे की बुडखा सोडून, हे कटरवाल्याला त्याची शेवटची फेरी संपण्यापूर्वी चार माणसांदेखत विचारून घ्यावे. बुडखा, म्हणजे जमिनीत उरणारा खोडाचा मुळासकट भाग, उक्त्या दरात जवळजवळ कधीच धरलेला नसतो.